समुद्र समोर असूनही कर्ली नदी डावीकडे का वळते

तारकर्लीला गेलात की बोटवाले डॉल्फिन दाखवतात, त्सुनामी आयलंड दाखवतात, पण मला विचाराल तर आधी मोबाईलवर नकाशा उघडा. कर्ली नदी पश्चिमेला येते, समुद्र अगदी हाकेवर, आणि तिथे ती चक्क डावीकडे वळून किनाऱ्याला समांतर दक्षिणेला जात राहते, थेट देवबागच्या संगमापर्यंत. मध्ये आडवं काय, तर नुसती वाळू! तिच्यावरच माड, घरं, होमस्टे सगळं.

शाळेत याला वाळूचा दांडा आणि मागच्या पाण्याला खाजण असं शिकवलेलं (आमच्याकडे खाजण म्हणजे भरतीचं पाणी शिरणारी चिखलाची जमीन, त्यामुळे गोंधळच). लाट किनाऱ्यावर तिरकी येते, वाळू तिरकी वर नेते, पण पाणी उतारावरून सरळ खाली परततं, म्हणजे दर लाटेला कण थोडा बाजूला सरकतो, आणि हे रात्रंदिवस चालू. नदीच्या मुखाशी वाळू साचून दांडा लांबत गेला, मग नदी बिचारी वाट शोधत त्याच्या टोकापर्यंत गेली.

मालवणात वाळूची दुसरी करामत आहे. दांडी किनाऱ्यासमोर पद्मगड, बेटावरचा छोटा किल्ला, ओहोटीला तिथे चालत जाता येतं. बेटाला वळसा घालून दोन्ही बाजूंनी आलेल्या लाटा मागे एकमेकींना भेटतात, जोर संपतो, वाळू तिथेच पडते. सिंधुदुर्ग मात्र सुटाच राहिला, कुरटे बेटाच्या खडकावर, 1664 ला काम सुरू आणि 1667 ला पूर्ण, भोवती पाण्याखालचे खडक असे की अनोळखी जहाजाला जवळ येणं अवघड.

किल्ल्यात दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, चारी बाजूला खारं पाणी असून. देवबागला आत्याच्या विहिरीचंही पाणी गोडच. तिथे नुसती वाळू, त्यामुळे कारण सोपं, पावसाचं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून वाळूत मुरून त्याच्यावर तरंगत राहतं. समुद्रपातळीच्या वर गोडं पाणी 1 मीटर असेल तर खाली साधारण 40 मीटर असतं. उलटही तेवढंच खरं, वरचं मीटरभर उपसलं की खालून खारं 40 मीटर चढू बघतं. आत्याने हा हिशेब कधी वाचला नाही, पण मे महिन्यात पंप जरा जास्त चालला की ती आतूनच ओरडते, "बंद कर रे, पाणी मचूळ होतला!"