नव्वद सेंटिमीटरवरचा कठडा

ठाण्याच्या आमच्या घरात स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत. दर वाढदिवसाला भाचीला तिथे टेकवून उभं करायचं, डोक्यावर पट्टी आडवी धरायची आणि रेघ मारायची. तिच्या दुसऱ्या वाढदिवसाची रेघ ८६ सेंटिमीटरवर आहे. त्या वयाच्या मुलांची उंची साधारण एवढीच असते. सरकत्या जिन्याचा फिरता कठडा मात्र पायरीपासून ९० ते ११० सेंटिमीटर उंचीवर असतो, म्हणजे दोन वर्षांच्या मुलाच्या डोक्याच्याही वर. ‘कठडा धरून उभे राहा’ ही सूचना त्याच्यासाठी नाहीच. त्याचा कठडा म्हणजे आपला हात.

हे लिहायचं कारण असं, की आपल्याकडे मूल चालायला लागलं की लवकरच सरकत्या जिन्याशी त्याची गाठ पडते. ठाणे स्टेशनला पडते, मॉलमध्ये पडते. सीवूड्सला तर स्टेशन आणि मॉल एकाच संकुलात आहेत. बेलापूर ते पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली, तिचीही स्टेशनं उंचावर.

हा जिना चालतो कसा, ते आधी पाहू. दोन्ही बाजूंना एकेक जाड साखळी असते आणि पायऱ्या त्यांना जोडलेल्या असतात. प्रत्येक पायरीला चाकांच्या दोन जोड्या असतात आणि त्या वेगवेगळ्या रुळांवरून धावतात. या दोन रुळांमधलं अंतर बदललं की पायऱ्या एकमेकींपासून वर उचलल्या जातात किंवा एका पातळीत येतात. दोन्ही टोकांना पायऱ्या सपाट होतात त्या यामुळे. शेवटी पायरीवरच्या खाचांमध्ये फणीसारखे दात बसवलेले असतात. पायरी त्या दातांखालून आत जाते आणि आपला पाय दातांवरून अलगद पुढे सरकतो. १८९६ साली न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर जेसी रेनो यांनी चालवलेल्या पहिल्या सरकत्या उतारालाही खाचा होत्या. नंतर चार्ल्स सीबर्गर यांच्या सपाट पायऱ्यांच्या जिन्यावरून मात्र बाजूला पाय टाकून उतरावं लागे, कारण खाचा नाहीत तर फणी बसणार कुठे?

जिन्याचा नेहमीचा वेग सेकंदाला अर्धा मीटर. आपल्याला तो संथ वाटतो. पण पायरीची खोली साधारण ४० सेंटिमीटर धरली, तर दर पाऊण-एक सेकंदाला नवी पायरी समोर येते. तेवढ्यात मुलाने ती हेरायची, पाय उचलायचा आणि तोल सांभाळायचा. त्यात या वयात डोकं उंचीच्या जवळजवळ एक पंचमांश असतं, त्यामुळे शरीराचा भार वर असतो आणि तोल चटकन जातो. अमेरिकेत १९९० ते २००२ या काळातल्या नोंदींवरून केलेल्या अभ्यासात सरकत्या जिन्यावर जखमी झालेल्या मुलांचा अंदाज सुमारे २६,००० निघाला, आणि सर्वांत मोठं कारण पडणं हेच होतं. त्याखालोखाल अडकणं.

अडकणं नीट समजून घ्यायला हवं, कारण ते डोळ्यांना दिसत नाही. पायरी सरकत असते आणि तिच्या बाजूची धातूची भिंत जागेवर असते. दोहोंच्या मध्ये फट ठेवावीच लागते, नाहीतर घासून सगळंच बंद पडेल. युरोपीय मानकाप्रमाणे ही फट एका बाजूला जास्तीत जास्त ४ मिलिमीटर आणि दोन्ही बाजूंची मिळून ७ मिलिमीटर असू शकते. ४ मिलिमीटर म्हणजे पेन्सिलीच्या निम्म्या जाडीहून थोडी जास्त. कडक तळाचा बूट तिथे शिरत नाही. मऊ रबरी पादत्राण शिरतं.

पावसाळ्यात ठाण्यात निम्मी मुलं रंगीत, भोकाभोकांच्या रबरी बुटांत दिसतात. धुवायला सोपे, वाळायला सोपे, मलाही आवडतात. पण मऊ रबर भिंतीला टेकलं की तिच्या पृष्ठभागावरच्या बारीक उंचसखलपणात दबून बसतं, स्पर्शाचं क्षेत्र वाढतं आणि पकड घट्ट होते. पाय पायरीबरोबर पुढे निघालेला, बुटाची कड भिंतीने धरून ठेवलेली. मग कड मुडपते, खाली वळते आणि फटीत खेचली जाते. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने मे २००८ मध्ये सांगितलं, की जानेवारी २००६ पासून अडकण्याच्या ७७ घटना त्यांच्याकडे आल्या, आणि दोन सोडून बाकी सगळ्यांत असलीच मऊ पादत्राणं होती. सुमारे निम्म्या घटनांत इजा झाली होती.

गेल्या जुलैत ठाण्यातल्या एका मॉलमध्ये भाचीच्या पिवळ्या बुटाचं असंच झालं. मी तिचा हात धरला होता, पण तिला कडेला उभं केलं होतं. चूक माझीच. वर पोचायच्या थोडं आधी ती ‘मावशी, बूट!’ एवढंच म्हणाली. मी तिला काखेत धरून सरळ वर उचललं. पाय निघाला, बूट तिथेच राहिला. बूट ओढून काढायच्या भानगडीत पडले नाही, हे बरं झालं. सैल बूट अशा वेळी सोडून द्यायचा.

म्हणून मुलाची जागा पायरीच्या मधोमध. पिवळ्या रेघा आखलेल्या असतील, तर पाय त्यांच्या आत. कडेला केसाळ ब्रश दिसतात, ते पाय भिंतीपासून दूर राहावा म्हणून असतात. त्यांवर बूट पुसणारी मोठी माणसं मी रोज पाहते, आणि मुलं त्यांचंच पाहून शिकतात. रुंद जिन्यावर मूल आणि आपण एकाच पायरीवर मावतो. अरुंद असेल तर आपण एक पायरी खाली उभं राहावं, कारण तोल गेला तर मूल खालच्या बाजूलाच येणार. परकर, ओढणी, सुटलेली नाडी आधीच वर खोचून घ्यावी. टोकाला सपाट पायऱ्या दोन-तीनच असतात, म्हणजे हाताशी दीड-दोन सेकंद. तेव्हा ‘आता उतरायचं हं’ हे त्याआधीच सांगायला हवं.

बाबागाडी असेल, किंवा एका हाताला पिशव्या आणि कडेवर मूल असेल, तर लिफ्टच घ्यावी. तिथे रांग असते, हे मला माहीत आहे. पण कडेवर मूल आणि कठड्याला एकही हात नाही, अशा अवस्थेत आपण पडलो तर दोघं पडतो.

दोन्ही टोकांना, कठड्याचा पट्टा वळून आत जातो त्याच्या आसपास, लाल बटण असतं. जिन्यावर पाय ठेवण्याआधी ते नजरेने शोधून ठेवावं. ते दाबल्यावर जिना एका क्षणात थांबत नाही, कारण तसा थांबला तर वरचे सगळे पुढे कोसळतील. ब्रेक त्याला थोडं अंतर जाऊ देऊन थांबवतो, मानकाप्रमाणे २० सेंटिमीटर ते एक मीटर. म्हणून दाबताना ‘धरा, धरा!’ असं ओरडावं, आणि मूल अडकलं असेल तर पळापळ करण्याऐवजी बटणाजवळच्या माणसाला हाक मारावी.

लिफ्ट आणि सरकत्या जिन्यांसाठी महाराष्ट्रात २०१७ चा कायदा आहे. फणीचा दात तुटलेला, ब्रश गळून पडलेला किंवा कठड्याचा पट्टा पायऱ्यांपेक्षा मागे पडताना दिसला, तर तिथल्या कर्मचाऱ्याला दाखवावा. ‘वरच्या टोकाला, उजवीकडून तिसरा दात’ इतकं नेमकं सांगितलं, की त्याला तो लगेच सापडतो.

भाची आता साडेचार वर्षांची आहे. चौकटीवरची तिची शेवटची रेघ १०२ सेंटिमीटरवर आहे. कठड्यापर्यंत तिचा हात पोचतो, पण दुसरा हात अजून माझ्या हातात असतो. जिन्याच्या तोंडाशी ती थांबते, बटण कुठे आहे ते बोटाने दाखवते आणि मग पाय उचलते.