दिव्यापेक्षा गटार मोठं

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटलं की हातात दिवा घेऊन जखमींच्या खाटांमधून फिरणारी बाई आठवते. शाळेच्या पुस्तकाने आपल्याला तेवढीच दिली. पण तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या ब्रिटिश लष्करी इस्पितळात माणसं वाचली ती मुख्यतः गटारं उपसल्यामुळे, आणि हे खुद्द बाईंनाही नंतरच उमगलं.

रशियाविरुद्धचं क्रिमियाचं युद्ध चालू असताना, नोव्हेंबर १८५४ मध्ये, त्या ३८ परिचारिका घेऊन तिथे पोचल्या. धुण्याची सोय केली, स्वयंपाकघर मार्गी लावलं, फरशा घासून घेतल्या. तरी माणसं मरतच राहिली. फेब्रुवारीत तर शंभरातले बेचाळीस! इस्पितळाची बराक तुंबलेल्या मैल्याच्या टाक्यांवरच उभी होती. मार्च १८५५ मध्ये लंडनहून स्वच्छता आयोग आला. त्याने गटारं वाहती केली, भिंतींना चुना फासला, हवेला वाट करून दिली. पाण्याच्या मार्गात घोड्याचं मढं निघालं. जूनपर्यंत मृत्यूचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास उतरलं.

सैनिक उपासमारीने खंगून येतात म्हणून मरतात, असा बाईंचा आधी समज होता. युद्धानंतर विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या मदतीने त्यांनी आकडे मांडले आणि तो समज गळून पडला. एकट्या जानेवारी १८५५ मध्ये जखमांनी ८३ सैनिक गेले होते, टाळता येण्याजोग्या रोगांनी २,७६१. सरकारी तक्ते कोण वाचतो? म्हणून त्यांनी चित्र काढलं : बारा महिन्यांच्या बारा पाकळ्या, रोगांचा रंग निळा, जखमांचा लाल. जानेवारीच्या पाकळीत लाल शोधावा लागतो.

गंमत अशी की कारणाबाबत बाई चुकल्याच होत्या. रोग कुजक्या, दूषित हवेतून होतात, असं त्या मानत. जंतूंचा सिद्धांत त्यांना बराच काळ पटला नाही. पण वास घालवायचा तर घाण काढावी लागते, आणि घाणीबरोबर जंतूही जातात.

१८५९ च्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये परिचारिकेने दिवसातून अनेकदा हात धुवावेत, असं त्यांनी लिहिलंय. रोग्याला ऐकू जाईल-न जाईल अशा बेताने चाललेल्या कुजबुजीवर तर त्या भलत्याच संतापतात : तो बिचारा जीव कानात आणून ऐकत असतो. आपल्याकडे खाटेभोवती जमणाऱ्या आप्तेष्टांना हे पान वाचून दाखवावं.

१८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाची परिचारिका-शाळा सुरू झाली. भारतात त्या कधीच आल्या नाहीत. पण पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. विषय होता खेड्यांतली स्वच्छता.