बसमधली माणसं कुणी मोजायची? पुण्यातल्या पीसीयूच्या घोळाची पार्श्वभूमी

बसचा रोजचा डेटा काही तिकीट मशीन आल्यावर जन्माला आला नाही. कंडक्टर आधीपासून वे-बिलात, म्हणजे फेरीच्या हिशोबाच्या कागदात, स्टेजप्रमाणे तिकिटांचे नंबर लिहायचाच, म्हणजे कुठल्या टप्प्यात किती तिकिटं फाटली ते रोज डेपोत जमा व्हायचं, पण ते बघायचे कशासाठी तर कॅश जुळतेय का यासाठी. प्लॅनिंगवाल्यांपर्यंत ते कागद क्वचितच गेले असतील.

रस्तेवाल्यांची मोजणी वेगळीच. चौकात माणसं बसवायची, गाड्या मोजायच्या आणि सगळ्याचं पीसीयू (पॅसेंजर कार युनिट, म्हणजे एक वाहन किती कारएवढं धरायचं ते) करायचं. खरा घोळ इथे आहे. 1990 च्या देशपातळीवरच्या मानकात कार म्हणजे 1, टू-व्हीलर 0.5 ते 0.75, बस 2.2 ते 3.7, ट्रॅफिकमध्ये त्या वाहनाचं प्रमाण 10 टक्के किंवा जास्त असेल तर मोठा आकडा घ्यायचा. कुठलं वाहन रस्ता किती अडवतं एवढंच काढायला हे एकक होतं आणि त्यासाठी ते ठीकच आहे. पण रस्ता कुणाला द्यायचा हेही आपण त्यावरच ठरवायला लागलो ना! पाच स्कूटर म्हणजे 3.75 आणि 50 माणसांनी भरलेली बस 3.7, कागदावर दोन्ही जवळपास सारखंच, आणि चालणाऱ्याला तर पीसीयूच नाही.

डिसेंबर 2006 मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव लेन, सुरू झाली तेव्हा हे अंगावर आलं. दोन बसच्या मधे लेन मोकळी दिसणारच, शेजारी कारवाले अडकलेले, मग 'लेन वाया चाललीय' ही ओरड, आणि गाड्याच मोजल्या तर तसंच दिसतं. (लेन अर्धवट बांधल्या, स्टॉपपर्यंत पोचायचे वांधे, हेही खरंच आहे, पण माणसं मोजली असती तर भांडण निदान वेगळं झालं असतं.) नंतर नगर रोडवरची बीआरटी काढली. विद्यापीठ चौकातला गाड्यांसाठी बांधलेला पूल 2020 मध्ये मेट्रोसाठी पाडला. रस्त्यांच्या क्षमतेच्या 2017 च्या देशपातळीवरच्या मॅन्युअलमध्ये पीसीयूचे आकडे बदलले, पण एकक कारचंच राहिलं.

आता मोबाईलवरून येणारा स्पीडचा डेटा आहे, सिग्नलवर कॅमेरे आहेत, पण तेही मुख्यतः गाड्यांचंच सांगतात. माणसांचं सांगतं ते तिकीट मशीन, कुठे चढला, कुठे उतरणार, किती वाजता. त्यातही साधा कागदी पासवाला दिवसात चार वेळा चढला तरी मशीनला तो एकदाच दिसतो, पास काढताना.