जांघेतल्या अवधाणात चाललेली निवड

लेकराला गोवर निघाला की लातूर-परभणीकडच्या कितीतरी घरांत अजूनही अंथरुणाखाली लिंबाचा पाला येतो, फोडणी बंद होते. घरातलं जुनं माणूस म्हणतं, "निघू द्या, एकदा होऊन गेलेलं बरं." यातलं अर्धं खरं आहे. एकदा झालेला गोवर सहसा पुन्हा होत नाही. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर 1781 मध्ये गोवराची साथ आली आणि त्यानंतर थेट 1846 मध्ये. डेन्मार्कचा डॉक्टर पानुम तिथं गेला, तेव्हा पहिल्या साथीत गोवर होऊन गेलेले म्हातारे या साथीत सुटले होते. शरीराला पटलेली गोवराची ही ओळख 65 वर्षं टिकते कशी?

याचं उत्तर अवधाणात आहे, आणि मला शरीरातलं याहून थक्क करणारं काही माहीत नाही. तुरीचं खुंट पायात घुसून जखम चिघळली की जांघेत दुखरी गाठ येते, तेच अवधाण. ही सुजलेली लसिकाग्रंथी. जंतूंचे तुकडे तिथं येऊन पोचतात. तिथल्या बी-पेशींवर, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या एका जातीच्या पांढऱ्या पेशींवर, ग्राहक असतात, म्हणजे जंतूचा तुकडा पकडणारे रेणू; जवळपास प्रत्येकीच्या ग्राहकाचा आकार वेगळा. ज्या मोजक्या पेशींना तो तुकडा जेमतेम चिकटतो, त्या भराभर विभागू लागतात. विभागताना त्यांच्या ग्राहकाच्या जनुकात बदल होतात, इतर जनुकांच्या जवळपास दहा लाखपट वेगानं! बहुतेक बदल वाया जातात आणि त्या पेशी मरतात. एखाद्या बदलानं मात्र पकड घट्ट होते. अशी पेशी जंतूचे तुकडे जास्त ओढून घेते, म्हणून मदतनीस टी-पेशी (दुसऱ्या जातीची पांढरी पेशी) तिलाच जगण्याचा इशारा देते. मग पुन्हा विभागणी, पुन्हा बदल, पुन्हा परीक्षा. ज्वारीची टपोरी कणसं दरसाल बियाण्यासाठी बाजूला काढावीत तसं हे चालतं. फक्त इथली पिढी काही तासांची.

निवडलेल्यांपैकी काही पेशी हाडांच्या मगजात जाऊन वर्षानुवर्षं प्रतिपिंडं, म्हणजे जंतूला चिकटणारी प्रथिनं (अँटीबॉडी), बनवतात. काही स्मृतिपेशी होऊन फिरत राहतात. तोच जंतू पुन्हा आला तर तयारीला एक-दोन आठवडे लागत नाहीत, थोड्याच दिवसांत भागतं. ही आठवण ज्या त्या जंतूपुरतीच असते. 'इम्युनिटी वाढवणारा' म्हणून विकला जाणारा काढा कुठल्याच जंतूची ओळख करून देत नाही; त्यावर पैसे घालवू नयेत.

आता "होऊन गेलेलं बरं" यातलं खोटं. गोवराचा विषाणू या स्मृतिपेशींमध्येच शिरतो आणि त्यांना मारतो. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या 77 मुलांचं रक्त गोवराआधी आणि नंतर तपासलं गेलं. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, इतर जंतूंविरुद्धच्या प्रतिपिंडांपैकी 11 ते 73 टक्के नाहीशी झालेली आढळली. म्हणजे गोवर स्वतःची ओळख ठेवतो आणि आधी कमावलेल्या बाकी ओळखी पुसत जातो. लस घेतलेल्या मुलांत ही पुसापुशी दिसली नाही.

अंगणवाडीत गोवर-रुबेलाची लस 9 महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा 16 ते 24 महिन्यांत देतात. पहिल्या डोसानंतर काही लेकरांत पुरेशी स्मृती तयारच होत नाही. दुसरा डोस मुख्यतः त्यांच्यासाठी असतो, आणि आपलं लेकरू त्यातलं आहे का, हे वरून ओळखता येत नाही.