दाल-बाफल्याचा रविवार गणितात कसा बसवायचा

आठवड्याचा स्वयंपाक ठरवून देणारं वेब ॲप बनवायचं असेल, तर स्क्रीनची रंगरंगोटी शेवटी करा. आधी वजनं नीट लावा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली ५२८ भारतीय खाद्यपदार्थांचे तक्ते काढले. त्यातले आकडे मुख्यतः कच्च्या मालाचे आहेत. तुरीच्या डाळीत १०० ग्रॅमला साधारण २१ ग्रॅम प्रथिनं असतात. हाच आकडा १५० ग्रॅम शिजलेल्या वरणाला लावला की ॲप वाटीमागे ३० ग्रॅमच्या वर प्रथिनं दाखवतं. त्या वाटीत डाळ असते जेमतेम ३० ग्रॅम, म्हणजे प्रथिनं सहाच्या आसपास! म्हणून डेटाबेसमध्ये घटक आणि पदार्थ यांना जोडणारा तिसरा तक्ता हवाच, आणि त्यात माणशी कच्चे ग्रॅम. 'एक वाटी' फक्त पडद्यावर. फोडणीचं तेलही त्यात धरा. हमखास निसटतं ते तेच.

याच संस्थेच्या २०२४ च्या शिफारशीत २००० किलोकॅलरीच्या आहाराला रोज धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५, भाज्या ४०० आणि तेल-तूप २७ ग्रॅम आहे. हे सगळं दिवसाच्या दिवशी पाळायला लावलं, तर इंदुरात ॲप रविवारीच हात टेकेल. तिथल्या रविवारच्या दाल-बाफल्यात (डाळ आणि आधी उकडून मग भाजलेले, तुपात बुडवलेले कणकेचे गोळे) माणशी ६० ग्रॅम तूप धरा. म्हणून तेल-तूप आठवड्यावर मोजा: कोटा १८९ ग्रॅम. उरले १२९, म्हणजे बाकीच्या सहा दिवसांना रोज सुमारे २१. तेवढ्यात पोळी-भाजी आरामात होते, मधल्या सकाळी पोह्यांवर शेवेचा डोंगर नसेल तर. भाज्या मात्र रोजच मोजा, नाहीतर ॲप सगळी भाजी शनिवारी वाढून मोकळं होतं.

निव्वळ आकड्यांवर सोडलं की काय होतं, ते जॉर्ज स्टिगलर या अर्थशास्त्रज्ञाने १९४५ मध्येच दाखवलं होतं. ७७ खाद्यपदार्थांतून त्याचा सर्वांत स्वस्त पोषक आहार निघाला तो पाचांचा: कणीक, आटवलेलं दूध, कोबी, पालक, वाळलेल्या घेवड्याच्या बिया. वर्षभर! गणिताला कंटाळा येत नाही, त्यामुळे एकच भाजी तीन दिवसांत पुन्हा आली तर दंडाचे गुण लावायचे.

सात दिवसांची २१ जेवणं आणि निवडायला ६० ताटं धरली, तर जुळण्यांची संख्या ३८ अंकी होते. सगळ्या तपासणं अशक्य. त्यापेक्षा कसाही आठवडा भरा, एक ताट बदलून पाहा, एकूण दंड घटला तर बदल ठेवा. सुरुवातीला अधूनमधून वाईट बदलही स्वीकारायचा, नाहीतर शोध पहिल्याच बऱ्या उत्तरावर अडकतो. रविवारचे बाफले कुलूपबंद. महिन्याचा रकाना असला की भुट्ट्याचा कीस पावसाळ्यात येतो, गराडू (तळून खायचा कंद) थंडीत.

एकादशीला साबुदाण्याची खिचडी आली की प्रथिनांची बाजू लंगडी पडते, कारण साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. जे काही मिळतं ते दाण्याच्या कुटातून. कडक अटी घातल्या असतील तर अशा वेळी ॲप 'उत्तर नाही' म्हणून गप्प बसतं. त्याऐवजी कमतरतेला दंड लावला असेल तर बेत मिळतो, आणि खाली एक ओळ दाखवता येते: या आठवड्यात डाळ माणशी ५५ ग्रॅम कमी, मंगळवारी मुगाची उसळ घ्या.