वाफसा आल्यावरच पळा: नदीकाठच्या काळ्या मातीतली वाट

नदीकाठच्या निसर्ग-उद्यानात पळायला पायवाट करायचा विषय निघाला की ठरलेलं उत्तर येतं. "जागा सपाटच आहे, गवत काढायचं, दोन ट्रॉल्या मुरूम टाकायचा, झालं काम." सांगलीतली कृष्णेची मळी, म्हणजे पुराच्या गाळाची सपाट काठजमीन असो, हरिपूरचा वारणा संगम असो, नाहीतर साताऱ्याजवळचं संगम माहुली, समज सगळीकडं तोच. खरं तर साताऱ्याजवळच्याच यवतेश्वराच्या चढावर पळायची वाट काढणं जास्त सोपं. तिथं वाटेला बाहेरच्या अंगाला थोडा कल दिला की पाणी आपोआप उतरून जातं. सपाट मळीत पाणी उतरणार कुठं? वर रोजच्या पावलांनी वाट आजूबाजूपेक्षा दोन-तीन सेंटीमीटर दबलेली असते, आणि पहिल्या मोठ्या पावसात तिचाच चर होतो.

पाणी साचलं तर ते मुरेल, असं वाटणं साहजिक आहे. काळ्या मातीत ते का मुरत नाही, यासाठी मातीच्या आत शिरावं लागेल.

दख्खनचा बेसाल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तो झिजून जी चिकणमाती होते तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या खनिजाचा आणि त्याच्या भाऊबंदांचा मोठा वाटा असतो. त्याचे कण 0.002 मिलिमीटरपेक्षा बारीक, आणि प्रत्येक कण वहीच्या पानांसारखा थरांनी बनलेला. एकेका थराची जाडी जेमतेम 1 नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. या थराचीही रचना ठरलेली आहे: वरखाली सिलिकाचे पापुद्रे, मध्ये ॲल्युमिनाचा. मधल्या पापुद्र्यात काही ठिकाणी ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसलेलं असतं. ॲल्युमिनियमवर तीन धन भार, मॅग्नेशियमवर दोनच. त्यामुळे प्रत्येक अदलाबदलीमागे थरावर एक ऋण भार शिल्लक राहतो. ही तूट भरून काढायला दोन थरांच्या फटीत कॅल्शियम, सोडियम असे धनभारित आयन येऊन बसतात.

पाण्याच्या रेणूचं एक टोक किंचित धन आणि दुसरं किंचित ऋण असतं. फटीतले आयन त्याला आत ओढतात. पाण्याच्या रेणूंची पहिली ओळ शिरली की दर थराला लागणारी जागा 1 वरून सुमारे 1.2 नॅनोमीटर होते, दुसरी शिरली की 1.5, तिसरीला 1.8 ते 1.9. म्हणजे कण जवळपास दुप्पट फुगला. फटीत कॅल्शियम असेल तर फुगणं बहुधा इथं थांबतं, कारण दोन भारांचा कॅल्शियम दोन्ही बाजूंच्या थरांना धरून ठेवतो. सोडियमवर एकच भार, त्याची पकड ढिली. थर एकमेकांपासून लांब जात राहतात आणि शेवटी पाण्यात सुटे तरंगायला लागतात.

उसाच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला हे प्रकरण नवीन नाही. वर्षानुवर्षं जादा पाणी देऊन सोडियम वर आला की जमीन चोपण होते, पाणी वर साचून राहतं आणि वाळल्यावर दगडासारखी पापडी धरते. अशा जमिनीला जिप्सम देतात ते याचसाठी. जिप्सममधला कॅल्शियम सोडियमला हुसकावून त्याची जागा घेतो, आणि सुटलेला सोडियम निचऱ्याच्या पाण्याबरोबर जातो. निचरा नसेल तर जिप्समचा उपयोग होत नाही. पायवाटेच्या कडेचा पट्टा चोपण असेल तर तिथंही हाच नियम लागू आहे.

शुद्ध मॉन्टमोरिलोनाइटच्या एका ग्रॅममधल्या थरांचा सगळा पृष्ठभाग मोजला तर तो 700 ते 800 चौरस मीटर भरतो. पाण्याला चिकटायला एवढी जागा मिळाल्यावर ते गुरुत्वाकर्षणानं खाली जायला तयार होत नाही. उन्हाळ्यात भेगाळलेल्या जमिनीत पहिला वळीव भेगांतून सरळ खाली जातो, म्हणून जमीन पाणी पिते असं वाटतं. भेगा मिटल्या की पाणी मुरण्याचा वेग तासाला एखाद-दुसऱ्या मिलिमीटरवर येतो. महाबळेश्वरच्या तांबड्या मातीत मुख्य चिकणखनिज केओलिनाइट आहे. त्याचे थर एकमेकांना घट्ट धरलेले असल्यानं आत पाणी शिरत नाही, आणि तिथली वाट पाऊस थांबल्यावर लवकर पळण्याजोगी होते.

आता यावर पळणाऱ्याचं पाऊल ठेवू. 60 किलोचा माणूस पळताना पाय टेकतो तेव्हा जमिनीवर त्याच्या वजनाच्या अडीचपट, म्हणजे 150 किलोचा भार येतो. बुटाचा टेकलेला भाग 100 चौरस सेंटीमीटर धरला तर दर चौरस सेंटीमीटरला दीड किलो. ओली मऊ चिकणमाती ढोबळमानानं 0.6 ते 1.2 किलो पेलते. पाऊल रुतणारच. रुतताना ते मातीतल्या मोठ्या पोकळ्या चेपून टाकतं, आणि हवा-पाणी त्या पोकळ्यांतूनच खेळत असतं. खळग्यात पाणी साचतं, मागून येणारा चिखल टाळायला कडेनं जातो, त्याच्या मागचा आणखी कडेनं. 1 मीटरची वाट एका पावसाळ्यात 4 मीटरची होते आणि दोन्ही बाजूंचं गवत संपतं. ओल्यातून जाणं भागच असेल तर मधोमध जा, बूट भरू द्या. त्याहून चांगलं म्हणजे त्या दिवशी डांबरी रस्ता धरा.

कधी पळायचं याचं उत्तर शेतकऱ्याकडं आहे: वाफसा आल्यावर. मातीच्या पोकळ्यांत पाणी आणि हवा दोन्ही असतात ती अवस्था. ती ओळखायला यंत्र लागत नाही. वरची माती उन्हानं फसवी वाळते, म्हणून 5 सेंटीमीटर खालची चिमूटभर घ्या, तळहातावर वळून बारीक दोरी करा आणि पट्टीवर मोजा. 3 मिलिमीटर जाडीला येईपर्यंत ती तुटायला लागली तर पळायला हरकत नाही. त्याहून बारीक होऊनही अखंड राहिली तर माती अजून लोण्यासारख्या अवस्थेत आहे, वाट बंद ठेवा. स्थापत्य अभियंते मातीची प्लॅस्टिक मर्यादा काढतात ती याच कसोटीनं. शंभरेक पावलांत बुटाचा ठसा 1 सेंटीमीटरपेक्षा खोल उठत असेल तरीही परत फिरावं.

वाटेची जागा निवडताना नदीचंच काम वाचावं. पूर काठावरून बाहेर पडला की पाण्याचा वेग एकदम कमी होतो. जाड वाळू आणि पोयटा लगेच, काठालगत बसतात. बारीक चिकण लांब जाऊन संथ पाण्यात बसते. म्हणून काठाची धार मागच्या मळीपेक्षा थोडी उंच आणि हलक्या मातीची असते, आणि वाफसाही तिथं आधी येतो. वाट या उंचवट्यावरून न्यावी, मात्र अगदी कडेनं नको. पूर झपाट्यानं ओसरतो तेव्हा काठाच्या मातीत पाणी भरलेलंच असतं, पण बाहेरून नदीच्या पाण्याचा आधार गेलेला असतो, आणि दरडी ढासळतात. काठ जेवढा उंच, निदान तेवढं अंतर आत सोडावं; वळणाच्या बाहेरच्या बाजूला दुप्पट. कृष्णेत मगरी आहेत आणि उन्हाळ्यात त्या काठावरच अंडी घालतात, हेही अंतर राखायला पुरेसं कारण आहे.

मुरूम सरसकट टाकू नये, फक्त कायम ओल्या राहणाऱ्या तुकड्यांत टाकावा. हिशोब बघा. 1 किलोमीटर लांब, 1.2 मीटर रुंद, सरासरी 15 सेंटीमीटर जाड म्हणजे दाबलेला 180 घनमीटर, साधारण 64 ब्रास (1 ब्रास म्हणजे 100 घनफूट). सुटा मोजला तर 80 ब्रासच्या आसपास. दोन ट्रॉल्या त्यात कुठंच दिसणार नाहीत. मुरूम थेट काळ्या मातीवर टाकला तर दोन पावसाळ्यांत खाली चिकणात जातो आणि चिकण वर येते, म्हणून मध्ये जिओटेक्स्टाइलचं, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड अंथरावं. थर दोन, प्रत्येकाला पाणी मारून धुमस किंवा छोटा रूळ फिरवावा. मध्य कडांपेक्षा 5 सेंटीमीटर उंच ठेवावा. भराव सलग केला तर तोच बांध होऊन पुराचं पाणी अडवतो, त्यासाठी दर 20-30 मीटरला जमिनीच्या पातळीचा उतरता तुकडा सोडावा. मुरूम मातकट आहे का हे बाटलीत कळतं: मूठभर मुरूम पाण्यात हलवून ठेवा. वाळू मिनिटाच्या आत बसते. दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळच असेल तर त्यात चिकण जास्त आहे, तो घेऊ नका.

मऊ माती गुडघ्यांना चांगली, हे अर्धसत्य आहे. जमीन मऊ लागली की शरीर पाय आपोआप जास्त ताठ ठेवतं, त्यामुळे धक्का वाटतो तेवढा कमी होत नाही. सुट्या वाळूत तर कठीण जमिनीच्या सुमारे 1.6 पट ऊर्जा लागते, आणि तो ताण पोटरीवर येतो. अनवाणी पळून पृथ्वीची ऊर्जा अंगात येते आणि शरीरातली नकारात्मकता निघून जाते, असंही हल्ली विकलं जातं. अंगावरचा स्थिर विद्युतभार ओल्या मातीत उतरतो हे खरं, तसा तो पाण्याच्या लोखंडी नळाला हात लावूनही उतरतो. त्यानं आजार बरे होत नाहीत. पुराच्या गाळात मात्र काच, बाभळीचे काटे आणि जंत नक्की असतात.

एप्रिल-मेमध्ये अडचण उलटी. फुगलेली माती आकसते आणि बोट जाईल एवढ्या भेगा पडतात, घोटा मुरगळायला तेवढ्या पुरतात. त्या सुक्या मातीनं भरून टाकायचा मोह होतो. पावसाळ्यात माती फुगताना तिला ती जागा परत हवी असते. ती भरलेली असली की वाट मधूनच उचलली जाते आणि उंचसखल होते. वर बारीक पालापाचोळ्याचा 5 सेंटीमीटर थर दिला तर ओल टिकते आणि भेगा कमी पडतात.

पावसाळ्यात सांगलीच्या आभाळाकडं बघून नदीकाठी जाऊ नये. इथं ऊन असताना कोयना आणि महाबळेश्वरकडं पाऊस कोसळत असतो, आणि ते पाणी कराडवरून खाली येतं. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेलं होतं. मळीतली वाट इशारा पातळीच्या बरीच आधी बुडते. पूर ओसरल्यावर वाटेवरचा गाळ ओला असतानाच फावड्यानं कडेला ओढावा. एकदा वाळून पापडी धरली की त्याला कुदळ लागते, आणि कुदळीबरोबर खालचा मुरूमही निघून येतो.