आधी ठोक्यांचा पाठलाग, मग गुठळीचा

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात आणि नाडीला ताळतंत्र राहत नाही. छातीत धडधड, जिना चढताना धाप, थकवा ही नेहमीची लक्षणं. पण अनेकांना काहीच जाणवत नाही, आणि खरा घोळ तिथेच आहे.

इंग्लंडमधल्या बर्नली गावात जेम्स मॅकेंझी हे साधे जनरल प्रॅक्टिशनर मानेतल्या शिरेचे आलेख काढत. हृदयाची झडप आकसलेल्या एका पेशंटच्या आलेखातून वरच्या कप्प्याची लहर गायब झाली. कप्पा लुळा पडला असावा, असं त्यांना वाटलं. तो लुळा नसून थरथरतोय, हे 1909 मध्ये लंडनच्या थॉमस लुईस यांनी ईसीजीवर दाखवलं. व्हिएन्नाचे संशोधक रोथबर्गर आणि विंटरबर्ग त्याच वर्षी याच निष्कर्षाला पोचले होते.

मग सगळा भर ठोके वळणावर आणण्यावर. 1785 पासून माहीत असलेल्या डिजिटॅलिस या औषधाने वेग कमी व्हायचा, लय नाही. लयीचं औषध सुचवलं ते चक्क एका डच व्यापाऱ्याने! 1912 मध्ये डॉक्टर वेंकेबाख यांनी त्याच्यापुढे हात टेकले, तेव्हा ‘उद्या सकाळी बघा’ म्हणून तो गेला आणि नियमित नाडी घेऊनच परतला. त्याने हिवतापावरचं क्विनीन घेतलं होतं, एक ग्रॅम. 1918 मध्ये त्याचंच भावंड क्विनिडिन आलं, 1962 मध्ये बर्नार्ड लाऊन यांचा डीसी शॉक, म्हणजे लय परत आणणारा विजेचा झटका. 1998 मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोचे डॉक्टर हैसागेर यांनी फुप्फुसाकडून येणाऱ्या शिरांमध्ये बिघाडाचं मूळ दाखवलं. आजचं अब्लेशन, म्हणजे बिघडलेली जागा निकामी करण्याचा उपचार, त्यावरच उभं आहे.

या धावपळीत गुठळी मागेच राहिली. थरथरत्या कप्प्यात रक्त साकळतं, गुठळी मेंदूत गेली की पक्षाघात. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावातल्या दीर्घकालीन पाहणीच्या 1978 च्या अहवालात हा धोका पाचपटीहून जास्त निघाला. संधिवाताच्या तापाने झडप आकसली असेल तर सतरापट. गुठळी रोखणारं वॉरफरिन 1948 मध्ये उंदीर मारायला बाजारात आलं, 1954 पासून माणसांना मिळू लागलं, तरी या आजारातल्या पहिल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष यायला 1989 उजाडलं. एवढा उशीर माझ्या मते अक्षम्यच.

2009 नंतर वारंवार रक्ततपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्या आल्या. मात्र आपल्याकडे अजूनही दिसणाऱ्या त्या आकसलेल्या झडपेच्या पेशंटना डॉक्टर वॉरफरिन किंवा त्याच जातीचं ॲसिट्रॉमच देतात. त्या पेशंटची आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते पाहणाऱ्या तपासणीची, फेरी चुकत नाही.